कानाला पोचलेला हात

देशसेवा वगैरे पुढच्या गोष्टी. एनसीसीत मी गेले ती परेडनंतरच्या खाण्यासाठी, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाचा गैरसमज नको. नगरच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं तेव्हा वसतिगृहात सकाळी कपभर चहा आणि दोन बटर मिळायचे. मी दोन हंगाम ऊस तोडून आलेली पोरगी; ते बटर माझ्या दाताच्या फटीत बसायचे. खोलीतली एक मुलगी शनिवार-रविवार सकाळी खाकी चढवून जायची आणि येताना रुमालात केळी बांधून आणायची. मी एकदा विचारलं, "कुठून आणतेस गं?" तर म्हणाली, "परेड केली की देतात. केळी, उकडलेलं अंडं, कधी मिसळ." दुसऱ्या दिवशी मी ढवळे सरांच्या दारात उभी.

ढवळे सर भूगोल शिकवायचे आणि कॉलेजच्या एनसीसीचे प्रमुखही तेच. बुटके, टकलू, पोट थोडं सुटलेलं. वर्गात काय बोलतात ते तिसऱ्या बाकावर ऐकू यायचं नाही, पण मैदानात 'सावधान' म्हणाले की झाडावरचे कावळे उडायचे. त्यांनी मला नखशिखांत बघितलं. "पळता येतं?" म्हणाले. मी म्हटलं, "येतं." "किती?" "सांगाल तेवढं." त्यांना वाटलं पोरगी शेखी मिरवतेय. म्हणाले, "बरं, मी थांब म्हणेपर्यंत पळ." मी चपला काढल्या आणि पळायला लागले. सर मध्ये कुणाशी तरी बोलत बसले, विसरून गेले, आणि परत बघतात तर मी आपली पळतेच आहे. थांबवून विचारलं, "कुठल्या खेळात होतीस?" मी सांगितलं, "खेळात नाही सर, ऊसतोडीत होते." ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. शिपायाला हाक मारून त्यांनी मला तिथल्या तिथं दोन केळी द्यायला लावली, परेड न करताच.

आमचं गाव पाथर्डीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. पाऊस आमच्याकडं पाहुण्यासारखा यायचा, उंबऱ्यातून डोकवायचा आणि जायचा. बाजरी आली तर आली. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या मुकादमाचे ट्रक गावात लागायचे आणि दोन दिवसांत गाव रिकामं. मागं उरायचे म्हातारे, कुलपं आणि शाळेत जाणारी पोरं. आईला आम्ही 'बाई' म्हणायचो आणि वडलांना 'दादा'. निघायच्या आदल्या दिवशी दादा ओट्यावर बसून दगडावर कोयते घासायचा. तो खर्र-खर्र आवाज ऐकला की मी कानांत बोटं घालायचे. बाई गाठोडं बांधता बांधता मला सांगत राहायची, जिजीचं ऐक, शाळा बुडवू नको, केसात तेल घाल. जिजी म्हणजे माझी चुलती. तिच्या पायात दोष होता, तिला तोडीला जाता यायचं नाही, म्हणून मी सहा महिने तिच्याकडं. जिजीच्या घरी सकाळी हुलग्याचं माडगं आणि दुपारी बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. वाईट नव्हतं. पण ट्रक वळणावर दिसेनासा झाला की मी जिजीच्या पदरात तोंड घालून रडायचे, ते दरवर्षी, अगदी दहावीत असतानासुद्धा.

बारावीच्या वर्षी दादा भरल्या गाडीवरून पडला. पाठीचा मणका गेला. जिवाला धोका नव्हता, पण वाकता येईना. आता, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तोडीच्या कामात 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे, जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. जोडीतला एक गेला की दुसऱ्याला कुणी विचारत नाही. दादाच्या जागी मी गेले. बाई पुढं ऊस पाडायची, मी मागून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, साळायचे, मोळी बांधायचे, आणि ट्रक आला की ती डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचे. पहिल्या आठवड्यात हाताची सालटं निघाली. बाईनं बिब्बा लावला, फडकं बांधलं आणि म्हणाली, "ह्ये दोनच सालं, कांते. दादाला बरं वाटू दी. मंग तू तुजी सुटलीस." दादाला काही बरं वाटलं नाही. तो पुढं जन्मभर खाटेवर बसून दावी वळत राहिला. पण दोन सालं झाली आणि बाईनं शब्द पाळला. तिनं जिजीच्या थोरल्या सुनेशी जोडी केली आणि मला स्वतः एसटीत बसवून नगरला आणलं. कॉलेजच्या ऑफिसात ती कोपऱ्यात उभी होती, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून, आणि कारकुनानं माझं नाव विचारलं तर माझ्याआधी तिनंच सांगितलं.

परेड मला आवडायला लागली हे मला उशिरा कळलं. बुटांचा आवाज. पन्नास पोरी एकदम टाच आपटतात तेव्हा जमिनीतून काहीतरी पायात चढतं. पितळी बक्कल चिंचेनं घासायचं, खाकीला पेजेची खळ द्यायची, टोपी उजव्या कानावर ओढायची. नगरला लष्कराची वस्ती मोठी. कॅम्पाच्या रस्त्यानं जाताना लांबून तोफांचे आवाज यायचे, काचा थरथरायच्या, आणि गावातलं कुणी मान वर करूनसुद्धा बघायचं नाही. त्याच रस्त्यावर मी ते बघितलं. एका फाटकाशी जीप थांबली. आत एक बाई होती, माझ्यापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी, खांद्यावर तारे. फाटकावरचा शिपाई, हा असा आडदांड, मिशाळ, माझ्या दादाच्या वयाचा, तो ताठ झाला आणि त्यानं तिला कडक सॅल्यूट ठोकला. तिनं उत्तर दिलं आणि जीप गेली. एवढंच. मी सायकल धरून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मला मुकादमानं 'ए कोयता' म्हणून हाक मारलेली होती. मला ते पाहिजे होतं, कुणीतरी मला बघून ताठ उभं राहणं. लोक मोठमोठी कारणं सांगतात. माझं हे होतं, आणि ते मला अजूनही लहान वाटत नाही.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "सी सर्टिफिकेट काढ. चांगल्या श्रेणीत निघालं तर एनसीसीवाल्यांना लेखी परीक्षा नसते, थेट मुलाखतीला बोलावतात. पाच दिवसांची मुलाखत. बाहेर पडलीस तर अधिकारी." मग आमचं सुरू झालं. बी.ए. झालं, सर्टिफिकेट निघालं, मी नागापूरला एका कारखान्यात डबे भरायच्या कामाला लागले, आणि सुटी झाली की सायकल मारत सरांच्या घरी. सरांच्या बायको ताटात दोन पोळ्या जास्त वाढायच्या आणि म्हणायच्या, "हिला आधी खाऊ द्या, इंग्रजी पळून जात नाही." इंग्रजी माझ्यापुढं पळतच होतं. पहिल्या खेपेला मुलाखतीसाठी भोपाळला गेले आणि पहिल्याच दिवशी दुपारी परत. चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, मग ती सगळ्यांसमोर सांगायची. सगळ्या पोरी एकदम बोलायला लागल्या, फाडफाड, आणि मी तोंड उघडून बसले. छातीवरचा नंबर काढून ठेवला, स्टेशनवर आले, नळाचं पाणी प्याले. गाडीत एका बाईनं विचारलं, "कुठं गेली होतीस गं?" मी सांगितलं, नातेवाइकांकडं.

दुसऱ्या खेपेची गोष्ट मला आजही सांगावीशी वाटते, आणि सांगायला माणूस मिळत नाही. त्या वेळी मी बोलले. मोडकंतोडकं, पण बोलले. मैदानावर फळ्या, दोरखंड आणि पिंप देतात, आणि सगळ्यांनी मिळून ते ओझं खड्ड्यापलीकडं न्यायचं असतं. शहरातल्या पोरी हुशार, पण फळी कुठं धरली म्हणजे तोल जात नाही हे त्यांना कोण शिकवणार? मी दोन हंगाम डोक्यावर मोळी घेऊन तसल्याच फळीवर चढले होते. मी म्हटलं, "तुम्ही पिंप धरा, मी पुढं होते." झालं. मुलाखतीतल्या साहेबांनी विचारलं की माणसं दमली आणि काम उरलं तर काय करशील? मी म्हटलं, "सर, आधी पाणी पाजीन, मग मी स्वतः पुढं लागेन, मग ती मागून येतात." त्यांनी विचारलं, हे कुठं वाचलंस. मी म्हटलं, "वाचलं नाही सर. माझी आई असं करते." पाचव्या दिवशी आम्हाला ओळीत बसवलं आणि निवडलेले नंबर वाचले. माझा नंबर वाचला. मी उठलेच नाही. शेजारच्या पोरीनं कोपर मारलं, "अगं, तुझा!"

गावात बाईनं पुरण घातलं. जिजी लंगडत लंगडत घरोघर सांगून आली. दादा खाटेवरून म्हणाला, "सायब झाल्यावर मला मिल्ट्रीच्या दवाखान्यात दाखीव बरं का." लष्कराच्या डॉक्टरांनी तपासलं, दात, डोळे, पाय, पाठ, सगळं ठीक. आता फक्त शेवटची यादी लागायची होती. निवडून आलेल्या पोरी पुष्कळ आणि जागा अगदी मोजक्या, हे सरांनी मला सांगितलं होतं. मीच कानाआड केलं होतं. यादी लागली. त्यात मी नव्हते. सर म्हणाले, "हिरमुसू नकोस. एकदा निवड झालेल्याची दुसऱ्यांदा होते. पुढचा अर्ज लगेच भरू." मला खरंच तेवढं वाईट वाटलं नाही. मला वाटलं, दार तर आपण बघून आलोय, आता फक्त आत जायचं.

अर्ज भरायला सर त्यांच्या टेबलाशी बसले. नाव, गाव, शिक्षण. जन्मतारखेपाशी आले. दाखल्यावर एक जून. आमच्या वर्गात निम्म्या पोरांची एक जूनच. गुरुजी शाळेत नाव घालताना तीच टाकायचे, आम्ही त्यावर हसायचो. सरांनी तारीख लिहिली, मग पेन खाली ठेवलं, मग बोटं मोजली. पुन्हा मोजली. "जुलैच्या पहिल्या तारखेला पंचवीस पूर्ण झालेलं चालत नाही, कांता," म्हणाले. "तुझं एका महिन्यानं जास्त होतंय." मी म्हटलं, "सर, एक महिना?" ते म्हणाले, "एक दिवस असता तरी नाही चाललं." त्यांच्या बायको चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. निघताना सर म्हणाले, "घरी विचार. खरी तारीख वेगळी असेल, दवाखान्याचा, पंचायतीचा काही कागद असेल तर बघ." त्यांना स्वतःला त्यात काही दम वाटत नव्हता, हे दिसत होतं.

बाई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी उंबऱ्यात बसूनच सांगितलं, "वय झालं म्हणाले. पंचवीस." बाईचा हात थांबला. आणि ती हसायला लागली. मनापासून, डोळ्यांत पाणी येईतो. मला वाटलं हिला वेड लागलं. "कुनाचं वय झालं? तुजं? अगं बये, तू कुटली पंचवीसची! तुला आत्ता कुटं चोविसावं चालू हाय. मी वाढवून सांगितलं हुतं त्या मास्तरला. जा, तुज्या सरांला सांग, आमच्या आईनं लबाडी केल्ती म्हनावं!" आणि मग तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तिनं मला ते सगळं सांगितलं. मी चार वर्षांची होते, तोडीच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत. टोळीतल्या एकीचं लेकरू चुलीवर पडून भाजलं. त्याची आई फडात होती. "त्याचा आवाज आला तवा मला वाटलं तूच," बाई म्हणाली. "तवाच ठरवलं, फुडल्या साली हिला संगं न्यायची न्हाई. जिजी म्हनली, शाळंत जात आसंल तर ठिवते, सारा दिस घरात कोन बघंल? आन् मास्तर सा वर्साच्या आत घेईना."

सहा वर्षं पुरी झाली की नाही हे बघायची तेव्हाची रीत अशी, की पोरानं उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरून दाखवायचा. कान हाती आला, पोर शाळेला झालं. मी साडेचार वर्षांची. माझा हात कुठून पोचतो? बाईनं शिकवलं. हंगाम संपत आला तेव्हा कोपीपुढं बसून रोज, "मान जरा कलती कर. आजून जरा. लागला का?" लागला की गुळाचा खडा. मला ते चांगलं आठवतं, पण मी तो खेळ समजत होते. गुरुजींपुढं मी मान अशी काही वाकडी केली म्हणे, की ते म्हणाले, "बाई, हिची मान दुखती का?" तर बाई म्हणाली, "व्हय, लचकली हाय." आणि सहा वर्षं लागली. माझा खरा जन्म संक्रांतीच्या पुढचा, कागदापेक्षा दीड वर्षाहून जास्त अलीकडचा. अर्ज वर्षातून दोनदा निघायचे, म्हणजे माझ्याजवळ अजून तीन-चार खेपा होत्या. त्या दिवशी मी बाईला मिठी मारली. पिठाच्या हातांनी तिनं माझं तोंड कुरवाळलं. आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नव्हती, म्हणून लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेत गेलो. नाव घालणारे गुरुजी केव्हाच वारले होते. आताचे हेडमास्तर सज्जन माणूस. त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढून दिलं. माझं नाव, एक जून, आणि शेजारी बाईचा अंगठा. बाईनं त्यावर बोट ठेवलं, "ह्यो माजाच. मी खोटं बोलले हुते सायेब. लिवा तसं." हेडमास्तर म्हणाले, "बाई, आता ही दहावीच्या सर्टिफिकेटवर गेली. तिथून पुढं आमच्या हातात काही नाही. कोर्टात जावं लागतं, त्यात वर्षं जातात, आणि तिथंही जन्माचा मूळ कागद लागतो. कुठं जन्मली ही?" बाई म्हणाली, "कोपीवर. पुनतांब्याच्या अलीकडं एक गाव हाय, गोदावरीच्या काठाला." "मग तिथल्या पंचायतीत नोंद आहे का बघा," ते म्हणाले. आम्ही बघायला गेलो.

त्या एसटीतला बाईचा चेहरा मी विसरलेले नाही. ठेवणीतलं लुगडं, मांडीवर भाकरीचं फडकं. शेजारच्या बाईला म्हणाली, "लेक सायब व्हनार हाय माजी. मिल्ट्रीत. तिचा दाखला आनाया चाललोय." ती बाई म्हणाली, "बाईमानूस मिल्ट्रीत?" तर ही म्हणते, "मंग! शिपाई सलाम ठोकत्यात." पंचायतीत एक वयस्कर ग्रामसेवक होते. त्यांनी जन्माच्या नोंदीचं जुनं बाड काढलं, फुंकर मारली, आणि त्या सालाचा जानेवारी वाचला. मग डिसेंबर, मग फेब्रुवारी. मग आधीचं सालही. गावातल्या सगळ्यांची पोरं होती त्यात. टोळीतलं एकही नव्हतं. "सुईण कोण होती?" त्यांनी विचारलं. "टोळीतलीच. ती आता न्हाई." "पोलीस पाटलाला कळवलं होतं कुणी?" बाई म्हणाली, "कळवायचं आसतं व्हय? आमाला कोन वळकीत हुतं तिथं, सायेब? मी चवथ्या दिसाला फडात उभी हुते." ग्रामसेवकांनी बाड मिटलं. चहा मागवला. आम्ही तो पूर्ण प्यालो, कारण तो संपल्यावर काय करायचं हे दोघींनाही माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर बाई म्हणाली, "चल, जागा तर दावते." नदीच्या बाजूनं आम्ही बरंच चाललो. कोप्यांच्या जागी आता पेरूची बाग होती. ती बांधावर उभी राहून इकडं तिकडं बघत होती. "नदी तिकडं, इहीर हिकडं. इथंच." दुपारचं ऊन होतं, पेरूंचा वास होता. बाई बांधावर बसली आणि तिनं मला विचारलं, अगदी हळू, "मंग त्या मास्तरला मी खरं सांगितलं आसतं, तर आज तुजं काम झालं आसतं?"

याचं खरं उत्तर मला तेव्हाही येत होतं. तू खरं सांगितलं असतंस तर मी त्या सालीही कोपीत असते, त्याच्या पुढच्या सालीही. टोळीतलं कुणाचं तरी लेकरू सांभाळत चुलीजवळ बसले असते, मग पंधराव्या वर्षी कुणाच्या तरी जोडीला कोयता. कॉलेज दिसलं नसतं, ढवळे सर दिसले नसते, ती जीप दिसली नसती. सगळं मला ठाऊक होतं. आणि मी म्हणाले, "व्हय. तुझ्यामुळंच गेलं. तुला कुणी सांगितलं होतं एवढा शहाणपणा करायला?" लिहायला बसले तेव्हाच ठरवलं होतं, हे वाक्य गाळायचं नाही.

बाईनं फडकं सोडलं आणि भाकरी माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. मग तिनंही खाल्ली नाही, परत बांधून ठेवली. येताना एसटीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुन्या गावच्या?" तर ती खिडकीकडं तोंड करून बसली.

सरांनी आपल्या परीनं एक पत्र लिहून बघितलं. दहावीचा दाखला हाच वयाचा पुरावा, असं उत्तर आलं. ते देताना सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी नागापूरच्या कारखान्यात राहिले ती राहिलेच. डबे भरता भरता आता पाळीवर देखरेख करते, हाताखाली तीस बाया आहेत. चांगल्या आहेत. लग्न झालं, मोडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. परवा गल्लीतली एक पोरगी पेढे घेऊन आली, तिची निवड झाली होती. आता मुलींना बारावीनंतरही थेट जाता येतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, चांगलं म्हटलं, आणि दार लावून घेतल्यावर मला इतका राग आला की पेढा तोंडात फिरेना. कुणावर आला, ते सांगता यायचं नाही.

पण मला सांगायचंय ते बाईचं. त्यानंतर कुणीही विचारलं, लग्नात, बारशाला, तोडीच्या अड्ड्यावर, की तुमच्या लेकीच्या मिल्ट्रीचं काय झालं, तर ती एकच सांगायची, "मी घालवलं तिचं. मी वय वाढवून सांगितलं." दरवेळी तेच, तेवढंच. कोपीत भाजलेल्या पोराचं ती कधी सांगायची नाही. मी शेजारी उभी असायचे. पहिली दोन वर्षं मी रागानं गप्प राहिले. मग लाजेनं. मग गप्प राहायची सवयच झाली. तू मला वाचवलंस, हे मी मनात तिला हजार वेळा म्हटलंय. तोंडानं एकदाही नाही. इतक्या वर्षांत एक दिवसही असा नव्हता की ते म्हणायला अडचण होती.

दोन वर्षांपूर्वी तिला शेवटचं नगरच्या दवाखान्यात घातली. पोटात पाणी झालं होतं. एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन आली, हसरी पोरगी, आणि बाईवर वाकून म्हणाली, "आजी, वय काय तुमचं?" बाईनं डोळे उघडले. माझ्याकडं बोट केलं.

"हिला इचारा," म्हणाली. "मला नगा इचारू, बाई. वय सांगायला माजं चुकतं."

डॉक्टरीण हसली. तिला वाटलं आजी चेष्टा करते. मी पासष्ट सांगितलं, अंदाजानंच, आणि बाईनं मान डोलावली.